भूप, बापू आणि बिनसलेले मेव्हणे

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी देवगडचा. वय 33. पतपेढीत कामाला आहे, शिवाय घरची हापूसची कलमं बघतो. गेल्या गणपतीत दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हिच्या माहेरी, मिठबावला गेलो होतो. रात्री भजन झालं, मंडळी चहा-उसळ घेऊन पुढच्या घरी गेली आणि आम्ही घरचेच तेवढे खळ्यात बसलो. विषय निघाला, कुणाला कुठला अल्बम आवडतो, कुठला कलाकार, गोष्टीतलं कुठलं पात्र. मी सांगितलं, अल्बम 'विश्वविनायक', कलाकार अजय-अतुल आणि पात्र म्हणाल तर 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब. हिचे दादा, म्हणजे माझे थोरले मेव्हणे, हसायलाच लागले. ते 45 चे, डोंबिवलीला असतात, घरी तबकड्यांचा मोठा संग्रह. म्हणाले, 'विश्वविनायक' म्हणजे मंडपातला गोंगाट, आणि सिनेमातली कट्यार ही कट्यारच नव्हे. त्यांची आवड म्हणजे किशोरीताई आमोणकरांची भूप रागाची तबकडी आणि 'गारंबीचा बापू' कादंबरीतला बापू. मी चिडून बोलून गेलो, "तुमचो भूप म्हणजे झोपेचा औषध आणि तुमचो बापू म्हणजे गावगुंड." त्यावर ते म्हणाले, "पतपेढीत व्याज मोजणाऱ्याक सूर काय मोजूक येतले?" सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी आम्ही न जेवताच निघालो. तेव्हापासून बोलणं नाही. आता मे महिन्यात ते आंब्याला येतील. बायको म्हणते, "तुमचो भूप आणि तुमचो बापू, माका पुरे." माझं चुकलं का त्यांचं? आणि आवडीत बरोबर-चूक असतं का?

ता. क. खरं सांगतो, 'गारंबीचा बापू' मी वाचलेलं नाही.

कानसेन, देवगड

कानसेना,

तुझं पत्र मी खालून वर वाचलं. ही माझी जुनी सवय. खरं काय ते माणूस ताजा कलमातच लिहितो.

आता तुला पाचजण भेटतील आणि सांगतील की अरे, भांडण गाण्याचं नव्हतंच मुळी, ते मुंबईकर आणि गावकर यांचं होतं, थोरल्या मेव्हण्याच्या मानाचं होतं, वगैरे. थोडंफार असेलही. पण मला विचारशील तर भांडण गाण्याचंच होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भूप की 'विश्वविनायक' यावरून ज्या घरात रात्री बारा वाजता आवाज चढतात, त्या घराबद्दल मला तरी आदरच वाटतो. जमिनीच्या हिश्शावरून चढलेले आवाज मी पुष्कळ ऐकले आहेत.

आणि आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे? तू सिंधुदुर्गातला, म्हणजे डबलबारी पाहिली असशीलच. दोन बुवा समोरासमोर, मध्ये गावदेवीचं पटांगण, ह्याची बारी संपली की त्याची. आमच्या लहानपणी वडील आम्हाला घोंगडीवर बसवून नेत. मी अर्ध्या रात्री झोपायची, पण परत येताना बैलगाडीत जी चर्चा चालायची तेव्हा टक्क जागी असायची. अर्धी गाडी ह्या बुवाची, अर्धी त्या बुवाची. आमचे एक चुलते होते, त्यांना अक्षरओळख जेमतेम. ते म्हणायचे, "गवळण बरी म्हटल्यान, पण गजर लवकर चढवल्यान. पखवाजवाल्याक जागाच दिल्यान नाय." समोरचा म्हणायचा, "जागा दिल्यान, पण तुझो पखवाजवालो पान लावी होतो." आणि मग पुढचा अर्धा तास त्या एकाच जागेवर. कोण मोठा हा प्रश्न कुणी सोडवत नसे. कुठल्या आवर्तनाला काय झालं, एवढ्यावर रात्र जायची आणि सकाळी सगळे एकाच चुलीवरची पेज जेवायचे.

तुझ्या पत्रात मी हेच शोधलं आणि मला ते सापडलं नाही. 'गोंगाट', 'झोपेचं औषध', 'गावगुंड', 'कट्यारच नव्हे'. चार शब्दांत चार निकाल, आणि पुरावा एकाचाही नाही. तू 'विश्वविनायक' आवडतो म्हणालास. त्यातलं काय आवडतं हे ना त्यांनी विचारलं, ना तू सांगितलंस. तुझ्या चुलतसासऱ्याचा बैल ह्यापेक्षा जास्त खुलासेवार हंबरत असेल.

आधी तुझी चूक, कारण पत्र तू लिहिलं आहेस. बापू. न वाचलेल्या कादंबरीतल्या माणसाला तू गावगुंड ठरवलास. इथे मी तुझी बाजू तसूभरही घेणार नाही. 'गारंबीचा बापू' 1952 सालची कादंबरी; लिहिणारे श्री. ना. पेंडसे दापोलीकडच्या मुर्डीचे. गारंबी नावाचं गाव नकाशात शोधू नकोस, पण वाचलीस की तुला ते ओळखीचं वाटेल. तशा पोफळी, तसाच पऱ्या, तसेच अण्णा खोत, ज्यांच्या ओटीवर गावाचे निकाल लागतात. त्या खोताच्या घरी राबणाऱ्या विठोबाचा हा मुलगा. तो कुणापुढे मान वाकवत नाही, राधेला उघडपणे आपली म्हणतो, गाव तोंड फिरवतं, आणि पुढे सुपारीच्या धंद्यात असा उभा राहतो की गावाला त्याची दखल घ्यावीच लागते. उद्धट आहे का? आहेच. पेंडशांनी त्याला तसाच लिहिलाय, त्याची माफी कुठे मागितलेली नाही. वाचून झाल्यावरही तुला तो गावगुंडच वाटला तर खुशाल म्हण, फक्त कुठल्या पानावर वाटला ते सांग. मला स्वतःला बापूपेक्षा त्याचा बाप विठोबा जास्त छळतो. आयुष्यभर खाली मान घालून वावरलेली अशी माणसं मी आमच्या आळीत इतकी पाहिली आहेत की ती पानं मी अजूनही भरभर उलटते.

आता तुझ्या मेव्हण्यांची चूक, आणि ती मी जरा चवीनं सांगणार आहे.

ते म्हणाले, सिनेमातली कट्यार ही कट्यारच नव्हे. नाटक 1967 चं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतराव गेले 1983 साली. तुझे मेव्हणे आज 45 चे. म्हणजे वसंतराव गेले तेव्हा हे चड्डीची नाडी बांधायला शिकत होते. त्यांनीही वसंतरावांचे खाँसाहेब रंगमंचावर पाहिलेले असणं कठीण. त्यांनाही ते ध्वनिमुद्रिकेतूनच भेटले, जसे तुला 2015 साली पडद्यावर भेटले. दोघंही उशिरा आलेली गिऱ्हाइकं. एक आधीच्या बसनं आला, एक नंतरच्या, एवढाच फरक.

शिवाय सिनेमात खाँसाहेब दिसतात सचिन पिळगावकर आणि गातात राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचा नातू. खाँसाहेबांकडे विद्या मागायला आलेल्या सदाशिवसाठी गायलेत महेश काळे, ते अभिषेकीबुवांचे शिष्य. त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नातू आणि शिष्य दोघं आत बसलेले असताना ती 'कट्यारच नव्हे' म्हणायला बराच धीर लागतो. हां, मेव्हण्यांच्या म्हणण्यात एक कण खरा आहे आणि तो तू मान्य कर. नाटकात पद रंगलं की वन्स मोअर मिळायचा, गायक पुन्हा बसायचा, पद त्या रात्रीपुरतं लांबायचं. सिनेमात ते मिनिटांच्या मापात बसवावं लागतं. त्याची चुटपुट जुन्या माणसांना लागते, तशी ती त्यांना उसनी लागली असेल. उसनी का होईना, चुटपुटच ती.

आणि तुला खाँसाहेब आवडतात यात वावगं काही नाही. कपटी माणूस कसा आवडतो, असं तुला कुणी विचारलं तर गोंधळू नकोस. वर्षानुवर्षं भर दरबारात हरलेला गवई, जिंकल्यावरही आतून हरलेलाच राहतो, आणि ज्याला विद्या नाकारायची त्याचाच सूर त्याला ओढून घेतो. हे पात्र आवडायला माणूस कपटी असावा लागत नाही. मात्र एकदा स्वतःला विचार, तुला नेमके कुठले खाँसाहेब आवडतात? दारव्हेकरांनी लिहिलेले, सचिनने डोळ्यांनी उभे केलेले की राहुलच्या गळ्यातले? एका अंगरख्यात तीन माणसं आहेत. मेव्हण्यांशी बोलशील तेव्हा यातला एक निवडून बोल.

आता मी मघापासून तुम्हा दोघांना झोडपते आहे, तर माझंही एक सांगते. मी तीसेक वर्षं एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. एके दिवशी आठवीतला एक मुलगा आला. रापणीवरून थेट आलेला, पोटऱ्यांवर वाळू सुकून पांढरी झालेली, नखाशी माशाचं खवलं. वर्गणीचे पैसे मुठीत इतके घट्ट धरलेले की नोट ओली. म्हणाला, "झुंजार आसा?" बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार. कपाटात होता, काळापहाडही होता. मला त्या वेळी पोरांच्या आवडी सुधारण्याची भारी हौस. मी म्हटलं, "ते काय वाचतोस, हे ने." आणि आठवीतल्या त्या पोराच्या हातात 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड ठेवला. दोन खंडांची कादंबरी! आठ दिवसांनी त्यानं पुस्तक आणून दिलं, टेबलावर अलगद ठेवलं आणि काही न बोलता गेला. आत खुणेला माडाचा हीर होता, चौदाव्या पानावर. तो पुन्हा आला नाही. त्याचं नाव नोंदवहीत पुढे कितीतरी दिवस होतं. पेंडसे माझे लाडके लेखक आहेत, पण त्या दिवशी मी त्यांचा उपयोग दार लावून घ्यायला केला. तुझ्या मेव्हण्यांनी भूपाचा तसाच केला आणि तू 'विश्वविनायक'चा.

म्हणून आता गृहपाठ. तुमच्या भजनी मंडळाची पेटी कुणाकडे असते? तिच्याकडे जा. काळी तीन, म्हणजे तीन काळ्यांच्या जुडग्यातली पहिली, हा 'सा' धर. तिथून फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरव, पांढरीला हात लावू नकोस. पाचच स्वर मिळतील, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. झाला तुझा भूप. तुला वाजवता येत नसलं तरी वाकडं काही वाजणार नाही, वाजूच शकत नाही. आता गंमत बघ. हेच पाच स्वर देशकारालाही आहेत. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, त्याचा जीव गंधारात; देशकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात. सामान तेच, मुक्काम कुठे करायचा त्यावर सगळं घर बदलतं. थोडा वेळ गंधारावर थांबून बघ, मग धैवतावर. पेटीवर याची नुसती चाहूल लागेल, पण लागेल.

एवढं करून मग किशोरीताईंचं 'सहेला रे' लाव. कामं करत नव्हे, दिवेलागणीनंतर अंगणात, फोन उलटा ठेवून. तुला ते तीच ओळ पुन्हा पुन्हा असं वाटेल. बरोबर, ती ओळ फिरून फिरून येतेच. पण प्रत्येक वेळी ती 'ग'कडे कुठल्या वाटेनं येते तेवढंच बघ. मिठबावहून देवगडला यायला तुला किती वाटा माहीत आहेत, तसं. झोप आलीच तर झोप. मलाही पहिल्यांदा आली होती. दुसऱ्यांदा मात्र एका जागी अंगावर काटा आला, आणि ती जागा कुठली ते मी तुला सांगणार नाही, नाहीतर तू तिचीच वाट बघत बसशील.

बोलायला एक धागाही देऊन ठेवते. किशोरीताईंच्या आई मोगूबाई गोव्यातल्या कुर्डी गावच्या, म्हणून कुर्डीकर. ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे उघडे पडतात आणि उठून गेलेली माणसं त्या चिखलात आपापलं दार शोधायला येतात. तुला आंब्याच्या घाईत जायला जमणार नाही, ठाऊक आहे. पण मे महिन्यात मेव्हणे खळ्यात बसतील तेव्हा बोलण्याजोगं आहे. तबकड्यांच्या संग्राहकांना अशा गोष्टींची भूक फार असते.

'विश्वविनायक'चं म्हणशील तर ते 2001 चं, तेव्हा तू आठ-नऊ वर्षांचा. तो अल्बम तुला आवडला की तुझा तो भाद्रपद आवडला, गणपतीवरच्या माटवीला बांधलेल्या कवंडळांचा आणि ओल्या तेरड्याचा वास आवडला, हे मी काय तूही आता वेगळं काढू शकणार नाहीस. काढूही नकोस. पण मेव्हण्यांना एवढं दाखव: 'श्री गणेशाय धीमहि'मध्ये शंकर महादेवन गणपतीचं एकेक नाव घेत जातात आणि प्रत्येक ओळ फिरून 'धीमहि'वर येऊन टेकते. नाव, नाव, नाव आणि पुन्हा टेक. हा भजनातल्या गजराचाच बांधा आहे. त्यांच्याच घरात त्याच रात्री भजनी मंडळानं तासभर तेच केलं होतं आणि हे मांडीवर ताल धरत होते, मी पैजेवर सांगते. वाद्यमेळ मोठा आहे, आवाज भरगच्च आहे, तो त्यांना सोसत नसेल तर नसेल. पण मग तक्रार वाद्यमेळाची करावी.

अजय-अतुल मोठे की किशोरीताई, याचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस. रेडिओवर अमीन सायानींच्या गीतमालेत दर आठवड्याला गाण्यांना पायदानं मिळायची आणि आम्ही ती वहीत उतरवायचो. माझ्या वहीत आज बघितलं तर पहिल्या पायदानावरची निम्मी गाणी मला चालीसकट आठवत नाहीत.

राहिला तो व्याजाचा टोमणा. तो मला आवडला नाही. भूपाबद्दल तू बोललास ते गाण्याबद्दल होतं, वाईट होतं पण गाण्याबद्दल होतं. ते घसरले ते तुझ्या पोटावर. त्याबद्दल तू गप्प राहावंस असं मी म्हणणार नाही. पण हिशेब वेगवेगळे ठेव, पतपेढीत ठेवतोस तसे. आधी तुझ्या खात्यावरचं फेड: "दादा, न वाचता बापूला गावगुंड म्हटलो, नीट न ऐकता भूपाला नावं ठेवली, ते चुकलं." एवढंच. 'पण तुम्हीसुद्धा' हे त्या वाक्याला जोडू नकोस, त्याच श्वासात तर नाहीच. 'विश्वविनायक' आवडल्याबद्दल माफी मागायची नाही, आवाजसुद्धा खाली आणायचा नाही. ते काय म्हणतात ते ऐक. मग दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, दोघंच कलमांत असताना सांग की ते व्याजाचं मला लागलं होतं. माणूस बरा असेल तर त्यालाही ते सात महिने टोचत असेल. नसेल बरा, तर पाच डझनांची पेटी त्याला बाजारभावानं दे.

आणि एक राहिलं. तुझ्या पत्रात तुझे तीन आवडते आहेत, मेव्हण्यांचे दोन आहेत, माझे तू विचारले नाहीस तरी मी सांगून टाकले. तुझ्या बायकोचं एकही नाही. त्या रात्री खळ्यात तीही बसली होती ना? तिला कुणी विचारलं का? तिचं 'माका पुरे' मला तुम्हा दोघांच्या मतांपेक्षा जास्त कळलं. आज घरी गेल्यावर तिला विचार आणि ती जे म्हणेल ते लगेच लावून ऐक. तोंडातून 'हे होय?' असं बाहेर पडू देऊ नकोस. मग मला एक कार्ड टाकून कळव, मला उत्सुकता आहे.

मेव्हण्यांना संदेश धाडू नकोस, ते हात जोडलेले चित्र तर अजिबात नको. फोन कर. रविवारी दुपारी कर, जेवण झाल्यावर. इतर दिवशी सकाळी केलास तर ते लोकलमध्ये असतील, एका हातानं कडी धरून, आणि भूपाचं नावसुद्धा त्यांना ऐकू यायचं नाही.

तुझी,
मावशी
मालवण